गॅमा किरण प्रकाशाच्या पुढे धावतात का? १.७ सेकंदांच्या उशिराचा हिशोब

हिंगोली जिल्ह्यातल्या अकरावीच्या एका मुलीचा प्रश्न माझ्यापर्यंत आला. थोडक्यात असा: "सर, गॅमा किरणांची ऊर्जा साध्या प्रकाशाच्या लाखो पट असते. मग अवकाशात ते प्रकाशाच्या पुढे धावत असतील ना? आणि औंढ्याच्या लिगोबद्दल वाचताना कळलं, की २०१७ साली दोन ताऱ्यांच्या टकरीतून आधी गुरुत्वीय लहरी आल्या आणि गॅमा किरण १.७ सेकंद उशिरा आले. मग उलट ते हळू आहेत का? नक्की काय समजायचं?"

(लिगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाचं ताणणं-आकसणं, टिपणारी वेधशाळा.) बाळा, उत्तर आधी देतो, कारणं मागून. गॅमा किरण प्रकाशाच्या पुढेही जात नाहीत आणि मागेही राहत नाहीत. निर्वात अवकाशात दोघांचा वेग एकच, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा आकडा असा नेमका आहे, कारण १९८३ पासून मीटरची व्याख्याच या वेगावरून केली जाते. नांदेडहून सकाळी निघालेली तपोवन एक्स्प्रेस रात्री मुंबईला पोचते. मध्ये हवा नसती, तर तेवढे सहाशे किलोमीटर गॅमा किरणाने दोन मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात, कापले असते. चंद्रापासून इथवर यायला त्याला सव्वा सेकंद लागतो आणि सूर्यापासून आठ मिनिटं वीस सेकंद. रेडिओ लहर असो, तांबडा प्रकाश असो, क्ष-किरण असो, निर्वातात सगळ्यांना हेच वेळापत्रक.

तुझी शंका चुकीची असली तरी तिच्यामागचा विचार नैसर्गिक आहे. चेंडू जोरात मारला की जोरात जातो. मग ज्याच्यात ऊर्जा जास्त, त्याचा वेग जास्त. वस्तुमान असलेल्या कणांना हे काही अंशी लागू आहे, पण तिथेही ते लवकरच संपतं. इलेक्ट्रॉन व्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं एकक. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जेचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारे ९४ टक्के वेगाने जातो. ऊर्जा दहापट केली तर वेग दहापट होत नाही, जेमतेम ९९.९ टक्क्यांवर जातो. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, स्थिर वस्तुमान नसतंच. तो जन्मतो तोच पूर्ण वेगाने आणि संपतो तोही पूर्ण वेगाने. त्याला दिलेली जास्तीची ऊर्जा वेगात जात नाही, वारंवारतेत जाते. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थातून १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा निघतो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा दोन-अडीच इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे पाच-सहा लाख पटींचा फरक. त्यामुळे गॅमाच्या लहरी तितक्या पटींनी दाट असतात आणि तरंगलांबी तितक्याच पटींनी आखूड. वारंवारता गुणिले तरंगलांबी केलं की उत्तर पुन्हा तेच येतं.

हे पटवायला मी वर्गात सप्ताहाचं उदाहरण देत असे. काल्याच्या कीर्तनात पखवाजाचा आवाज खोल, टाळांचा बारीक आणि चढा. तू मांडवाच्या शेवटच्या रांगेत बसलीस किंवा गावाबाहेरच्या वावरात उभी राहिलीस, तरी टाळ आणि पखवाज तालातच ऐकू येतात. चढा स्वर आधी आणि खालचा नंतर पोचला असता, तर लांबून ऐकताना अभंगाचा ताल विस्कटून गेला असता. स्वर वेगळा, चाल एक. आवाजाला हवा लागते आणि प्रकाशाला काहीच लागत नाही, एवढा फरक लक्षात ठेवून हे उदाहरण वापर.

गॅमा किरणांना हे नाव मिळालं तेव्हा ते लहरी आहेत की कण, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पॉल व्हिलार यांना ते १९०० साली पॅरिसमध्ये रेडियममधून निघताना आढळले. रदरफर्ड यांनी १९०३ मध्ये त्यांना गॅमा म्हटलं. १९१४ मध्ये रदरफर्ड आणि अँड्रेड यांनी स्फटिकावरून त्यांचं विवर्तन दाखवलं, आणि ही क्ष-किरणांच्याच कुळातली, त्याहून आखूड तरंगलांबीची लहर आहे हे पक्कं झालं.

पण पुस्तकात लिहिलंय म्हणून मान, असं मी तुला सांगणार नाही. एम.एस्सी.च्या मुलांना न्यूक्लिअर फिजिक्सची प्रॅक्टिकल्स शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. गॅमाचा वेग आम्ही आमच्या प्रयोगशाळेत, एका लांब टेबलावर, स्वतः मोजला. तो प्रयोग सविस्तर सांगतो, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

सोडियम-२२ हा किरणोत्सारी स्रोत पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धन विद्युतभाराचा कण, बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी ५,११,००० इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा एकाच क्षणी, बरोबर विरुद्ध दिशांना निघतात. जुळी भावंडं एका दारातून एकाच वेळी निघून एकाने पूर्वेला आणि दुसऱ्याने पश्चिमेला जावं, तसं. दोन्ही बाजूंना आम्ही एकेक डिटेक्टर ठेवायचो. त्यात एक प्लास्टिक असतं. गॅमा शिरला की ते क्षणभर चमकतं, आणि ती चमक विजेच्या स्पंदात बदलते. दोन स्पंदांमधला वेळ एक यंत्र मोजत राहतं. दोन्ही डिटेक्टर स्रोतापासून ३० सेंटिमीटरवर असले की फरक शून्य. मग एक डिटेक्टर जागेवर ठेवून दुसरा १८० सेंटिमीटरवर न्यायचा. गॅमा एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जातो. शाळेतल्या फूटपट्टीएवढं अंतर! तेव्हा दीड मीटर जास्तीच्या वाटेला पाच नॅनोसेकंद लागायला हवेत.

पहिल्या वर्षी मुलांचं उत्तर आलं पंधरा नॅनोसेकंद. हिशोब केला तर गॅमाचा वेग प्रकाशाच्या एकतृतीयांश! दोन दिवस मुलं अस्वस्थ होती, आणि खरं सांगायचं तर मीही. तिसऱ्या दिवशी एका मुलाच्या लक्षात आलं, की डिटेक्टर लांब नेताना जुनी केबल पुरली नाही म्हणून आम्ही दोन मीटर जास्त लांबीची केबल लावली होती. त्या केबलमधून विजेचा स्पंद प्रकाशाच्या दोनतृतीयांश वेगाने जातो. दोन मीटरला दहा नॅनोसेकंद. पंधरातून दहा गेले, उरले पाच. गॅमा वेळेवरच आला होता, उशीर केबलमध्ये झाला होता. त्यानंतर दोन्ही मोजमापांना तीच केबल वापरायची, असा नियम मी कायमचा घालून दिला.

त्या प्रयोगात वेगापेक्षा वीज सांभाळणं अवघड होतं. अंतर सहापट झालं की डिटेक्टरवर येणाऱ्या गॅमांची संख्या छत्तीसपट घटते. जवळ असताना दहा मिनिटांत जेवढ्या जोड्या मिळत, तेवढ्यांना लांबच्या मांडणीत सहा तास लागत. त्या काळात आमच्याकडे सहा तास सलग वीज मिळणं नशिबाची गोष्ट होती. आम्ही रात्रीचं लोडशेडिंग टळेल तेव्हा मोजणी लावायचो आणि पाळीपाळीने जागायचो. एकेका जोडीची वेळ अर्ध्या-एक नॅनोसेकंदाने इकडेतिकडे होतेच, पण हजारो जोड्यांची सरासरी काढली की शिखर नेमकं कुठे आहे ते दिसतं. ते पाचाच्या आसपास, दहा टक्क्यांच्या आत यायचं. मराठवाड्यातल्या एका साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि ती शक्य तितक्या मुलांनी हाताने करावी असं मला मनापासून वाटतं. हीच युक्ती कर्करोगाच्या तपासणीतल्या पेट स्कॅनमध्येही आहे. रुग्णाच्या शरीरातून निघालेल्या जुळ्या गॅमांपैकी कोणता आधी पोचला, यावरून गाठीची जागा शोधायला नव्या यंत्रांत मदत होते.

केबलची चूक मोठ्यांनाही सुटलेली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने जाहीर केलं, की सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतच्या ७३० किलोमीटरच्या वाटेवर न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. जगभर खळबळ उडाली. काही महिन्यांनी कारण सापडलं. ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती.

आता तुझे १.७ सेकंद.

१७ ऑगस्ट २०१७ ला, आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झाली असताना, अमेरिकेतल्या लिगोच्या दोन आणि इटलीतल्या व्हर्गो या शोधकांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे अतिशय दाट मृत ताऱ्यांच्या, टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. गॅमा किरण पाहणाऱ्या फर्मी उपग्रहाने १.७ सेकंदांनंतर गॅमा किरणांची छोटी लाट नोंदवली. टक्कर झाली होती एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. म्हणजे दोन्ही संदेशांचा प्रवास १३ कोटी वर्षांचा.

हा काळ आपल्या मातीवरून समजून घे. औंढ्याला पायाखाली जो काळा खडक आहे, तो बसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ते संदेश निघाले तेव्हा हा खडक नव्हताच. ते साधारण निम्म्या वाटेवर आले तेव्हा इथे लाव्हा वाहत होता. त्यानंतरही तेवढंच अंतर ते एकमेकांच्या बरोबरीने चालत आले, आणि पृथ्वीवर पोचले तेव्हा फरक होता १.७ सेकंद.

समजा, हा सगळा फरक वेगाचाच आहे. १३ कोटी वर्षांचे सेकंद होतात सुमारे ४१ वर १४ शून्यं. त्यात १.७ सेकंदांचा वाटा म्हणजे एकावर सोळा शून्यं लिहून होणाऱ्या संख्येत चार. "हळू" म्हणायचंच झालं तर एवढंच हळू. पण तेही म्हणायचं कारण नाही, कारण दोघं एकाच क्षणी निघाले होते हे कुणी सांगितलं? वसमतला एसटी अर्धा तास उशिरा आली तर आपण गाडी रखडली म्हणतो. डेपोतून ती सुटलीच अर्धा तास उशिरा, हेही शक्य असतं. गुरुत्वीय लहरी तारे एकमेकांभोवती फिरत असतानाच निघत होत्या, आणि टकरीच्या क्षणी संपल्या. गॅमा निघायला आधी टक्कर व्हावी लागते, मग प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाचा झोत तयार व्हावा लागतो, आणि त्याने ताऱ्यांच्या उडालेल्या द्रव्यातून बाहेर पडावं लागतं. या पायऱ्यांना किती वेळ लागला यावर अभ्यासकांत अजून चर्चा आहे, पण एक-दोन सेकंद त्यात सहज जातात. वेगातल्या फरकाची मर्यादा काढताना शास्त्रज्ञांनी गॅमा १० सेकंद उशिरा निघाले असंही धरून पाहिलं. तरीही फरक एकावर पंधरा शून्यं असलेल्या संख्येत जास्तीत जास्त तीन, एवढाच राहिला.

आमच्या केबलसारखंच हे आहे. उशीर दिसला की आधी विचारायचं, निघाला कधी? मग विचारायचं, वाटेत काय होतं? वेगावर बोट ठेवायची पाळी सगळ्यात शेवटी.

जास्त ऊर्जेचा गॅमा कमी ऊर्जेच्या गॅमाला मागे टाकतो का, याचीही परीक्षा झाली आहे, आणि ती मला याहून सुंदर वाटते. १० मे २००९ ला फर्मीने एक गॅमा विस्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून आलेली गॅमा किरणांची क्षणिक लाट, पाहिला. त्याच्या प्रकाशाचा प्रवास ७.३ अब्ज वर्षांचा, म्हणजे पृथ्वी जन्मायच्या कितीतरी आधी तो निघाला होता. त्यात एक फोटॉन ३१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा होता, कोबाल्टच्या गॅमापेक्षा तेवीस हजार पट ऊर्जेचा. अवकाश अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेचे फोटॉन किंचित रेंगाळतील, असं काही सिद्धांत सांगत होते. तो फोटॉन स्फोट सुरू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत इतरांसोबत हजर झाला. त्या सिद्धांतांच्या सर्वांत सरळ रूपांना तिथेच मोठा धक्का बसला.

वाटेचा परिणाम पाहायचा तर रेडिओ लहरी पाहा. क्रॅब नेब्युला, म्हणजे १०५४ साली चीनमध्ये नोंदवल्या गेलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष, सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर आहे. त्यातला स्पंदक, म्हणजे ठरावीक वेळाने स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा, सेकंदाला तीस वेळा फिरतो आणि रेडिओपासून गॅमापर्यंत सगळ्या लहरी पाठवतो. अवकाश पूर्ण रिकामं नाही, त्यात विरळ इलेक्ट्रॉन विखुरलेले आहेत. ४०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीला ते वाटेत अडखळवतात, आणि ती गॅमाच्या सुमारे दीड सेकंद मागून पोचते. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण साधारण याच वारंवारतांवर काम करते, आणि तिथल्या निरीक्षकांना ही दुरुस्ती रोज करावी लागते. गॅमाला त्या इलेक्ट्रॉनांची पर्वा नसते. तू पहिल्या प्रश्नात विचारलेलं "गॅमा पुढे जातो का" इथे खरं ठरतं, पण कारण ऊर्जेने वेग वाढला हे नाही. दुसरा वाटेत रखडला.

पाण्यातही तसंच. दिसणारा प्रकाश पाण्यात सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, काचेत दोन लाखांवर. गॅमाची लहर अणूंना इतकी जलद हलवू पाहते, की त्यांना तिच्या तालावर डोलताच येत नाही. म्हणून पाण्यातही तो जवळपास निर्वातातल्याच वेगाने जातो. शिशातही वेग तोच राहतो, संख्या मात्र घटते. कोबाल्टचे गॅमा सुमारे सव्वा सेंटिमीटर शिशात निम्मे होतात. उरलेले निम्मे थकलेले नसतात. गॅमा एक तर शोषला जातो, किंवा वळून ऊर्जा घालवतो, किंवा काहीच न होता पार जातो. हळू होणं त्याच्या स्वभावात नाही. विश्व प्रसरण पावतं तेव्हा दूरून येणाऱ्या गॅमाची ऊर्जा कमी होते, वेग कमी होत नाही.

मग सूर्याच्या गाभ्यातून प्रकाश बाहेर यायला हजारो वर्षं लागतात असं जे वाचायला मिळतं, ते? ते खरं आहे. गाभ्यात तयार झालेला गॅमा क्षणोक्षणी कशावर तरी आदळतो, शोषला जातो, पुन्हा दुसऱ्याच दिशेला निघतो. पंढरपूरला निघालेला माणूस दर पावलाला दिशा बदलत राहिला तर तो भरभर चालूनही वर्षानुवर्षं गावातच फिरेल. प्रत्येक पाऊल पूर्ण वेगाचं, पण वाट सरळ नाही. बाहेर पडेपर्यंत त्या एका गॅमाची ऊर्जा असंख्य कमी ऊर्जेच्या फोटॉनांत वाटली जाते, आणि आपल्या अंगणात पडतं ते ऊन.

आता राहिलं औंढा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी रुपयांच्या लिगो-इंडियाला अंतिम मंजुरी दिली. तिथल्या प्रत्येक भुजेची, म्हणजे लेझर ज्यातून जाईल त्या नळीची, लांबी ४ किलोमीटर असेल. लेझरला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १३ मायक्रोसेकंद लागतील. तिथे गॅमा किरण दिसणार नाहीत, कारण ते यंत्र अवकाशाचं ताणणं-आकसणं मोजतं. गॅमा पाहायला उपग्रह लागतो, कारण हवा त्यांना शोषते. किंवा लडाखमधल्या हानले इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मेस दुर्बिणीसारखी २१ मीटर व्यासाची आरसेदार दुर्बीण लागते. खूप मोठ्या ऊर्जेचा गॅमा हवेवर आदळून जे कण उडवतो, त्यांच्या निळ्या चमकेवरून ती गॅमाचा माग काढते.

तरीही औंढ्याचा गॅमाशी संबंध आहे, आणि तो या वेगातून येतो. २ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी पहिला गॅमा विस्फोट नोंदवला. ते अणुचाचण्यांवर पहारा ठेवायला सोडले होते. अशा स्फोटांचे किरण कोणत्या उपग्रहाला आधी आणि कोणत्याला नंतर लागले, या फरकावरून नंतर कळलं, की ते पृथ्वीवरून किंवा सूर्याकडून येत नसून अवकाशातून येत आहेत. ही माहिती १९७३ मध्ये छापून आली. वेग पक्का माहीत असला की वेळेच्या फरकातून दिशा काढता येते. २०१७ च्या त्या टकरीने गुरुत्वीय लहरींचा वेगही तोच असल्याचं दाखवलं, म्हणून त्यांच्याबाबतीतही हाच हिशोब चालतो. औंढ्यापासून अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लिगोपर्यंत, पृथ्वीच्या आरपार सरळ रेषेत, सुमारे साडेदहा हजार किलोमीटर होतात. गुरुत्वीय लहर पृथ्वीतून सहज जाते. ती त्या रेषेने आली तर दोन ठिकाणच्या नोंदींत सुमारे ३५ मिलिसेकंदांचा फरक पडेल, आणि आडवी आली तर फरक शून्य. या दोन टोकांच्या मधला जो आकडा मिळेल, त्यावरून स्फोट आकाशाच्या कोणत्या पट्ट्यात झाला ते ठरेल आणि दुर्बिणी तिकडे वळवल्या जातील.